उत्क्रांती : दहावीच्या पुस्तकातून गेलेला धडा, आपल्या बागायतीत आणि खाजनात

खांडेपारकाठ (धागाकर्ता)

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. उत्क्रांती आता थेट बारावीत, तीही जीवशास्त्र घेतलं तरच. ही पुस्तकं शिकून कॉमर्सला, आर्ट्सला किंवा डिप्लोमाला जाणाऱ्या मुलांच्या कानावर हा विषय शाळेत पडणारच नाही. मी उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवत आलो आहे आणि मला हे फार खटकतं. ही एक कल्पना काढून घेतली की बाकीचं जीवशास्त्र म्हणजे नावांची घोकंपट्टी होते. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना मुलांना घरी सांगायचं आहे त्यांनी विचारावं, ज्यांना पटत नाही त्यांनीही मोकळेपणी लिहावं.

सुरुवात आंब्यापासून करतो. मानकुरादचा बाठा रुजत घातला तर मानकुरादच मिळेल अशी अपेक्षा गोव्यात कोणी धरत नाही. झाड वाढतं, फळ धरतं, आणि ते निघतं कधी आंबट, कधी धाग्यांचं, कधी बरं, आणि क्वचित एखादं आईपेक्षाही सरस. याचं कारण मोहोरात आहे. माश्या परागकण कुठल्या झाडावरून आणतील याचा नेम नाही, त्यामुळे बाठ्यातला अर्धा वारसा बहुधा भलत्याच झाडाचा असतो. उरलेला अर्धा आईचा. पण आईकडेही प्रत्येक जनुकाच्या, म्हणजे गुण ठरवणाऱ्या वारशाच्या तुकड्याच्या, दोन प्रती असतात, आणि त्यांतली कुठली बाठ्यात उतरायची हे दर खेपेला नव्याने ठरतं. म्हणून एकाच झाडाचे शंभर बाठे लावले तर शंभर वेगळी झाडं उभी राहतात. कलमाचं तसं नाही. कलम म्हणजे त्याच झाडाची काडी दुसऱ्या मुळांवर बसवलेली, तिथे नवी वाटणी झालेलीच नसते.

आता हे शंभर बाठे कोणी न राखता डोंगरावर वाढताहेत असं धरा. वाळवी, गुरं, वणवे, मे महिन्याची कोरड. बरीच रोपं मरतील. काही निव्वळ नशिबाने वाचतील. पण ज्यांच्या वारशात मुळं लवकर खोल नेण्याचा गुण आहे ती इतरांपेक्षा थोडी जास्त टिकतील आणि त्यांचे बाठेही डोंगरावर जास्त पडतील. पुढच्या पिढीत खोल मुळांच्या झाडांचं प्रमाण वाढलेलं दिसेल. हीच उत्क्रांती. यात कुठलंही एक झाड बदललेलं नाही, कोणी कसलेही प्रयत्न केलेले नाहीत. डोंगरावरच्या सगळ्या झाडांत कुठला गुण किती, ते प्रमाण बदललं. मुलांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा: बदल होतो तो वस्तीत, पिढ्यांमागून पिढ्या. एकट्या जीवात नाही.

१८५८ साली चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस या दोघांनी ही निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला. वारसा नेमका कसा उतरतो हे मात्र डार्विनला शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. ते उलगडणारा मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ चा, पण तो १९०० पर्यंत जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. दोन्हींची सांगड नीट बसली ती १९२० ते १९४० च्या दरम्यान.

आणि नवे गुण मुळात येतात कुठून? डीएनएची नक्कल होताना अक्षरं चुकतात. प्रत्येक मूल आईवडिलांत नसलेले साधारण साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येतं. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही, काही त्रासाचे ठरतात, क्वचित एखादा उपयोगी पडतो.

दहावीची आई

सर, फार बरं केलंत. मुलीला काल जिराफाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, उंच पाला खायला मान ताणून ताणून लांब झाली. मलाही शाळेत असंच काहीसं सांगितल्याचं आठवतं. हे कसं खोडायचं?

खांडेपारकाठ

ताई, ही कल्पना लामार्क या डार्विनच्या आधीच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावर सांगतात. आयुष्यात कमावलेलं अंगातलं वळण मुलांत उतरतं, अशी. तिला तिचेच कान दाखवा. आपल्याकडे किती पिढ्या कान टोचताहेत, तरी प्रत्येक बाळाचे कान टोचावेच लागतात. जिराफाच्या बाबतीत बरोबर मांडणी अशी की कळपात माना आधीच कमीजास्त लांबीच्या होत्या, आणि थोड्या लांब मानेच्यांची पिल्लं थोडी जास्त जगत गेली. तो फायदा पाल्यामुळे होता की नरांच्या झुंजीमुळे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण दोन्ही बाजू निवडीचंच बोलतात, ताणण्याचं कोणी बोलत नाही.

औषधवाला

मी म्हापशात औषधाच्या दुकानात उभा असतो. आमच्याकडे रोज ऐकू येणारं वाक्य: ‘ह्या गोळीची जंतूंना सवय झाली, आता भारी दे.’ जंतूंना खरंच सवय होते का? की तेही त्या कानांसारखंच?

खांडेपारकाठ

नेमका प्रश्न विचारलात, आणि याचं उत्तर एका सुंदर प्रयोगात आहे. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने तो केला. काचेच्या बशीत जंतूंचे शेकडो ठिपके वाढवले. एक ठिपका म्हणजे एका जंतूची सगळी प्रजा. मग बशीच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली, ती बशीवर हलकेच दाबली आणि तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसऱ्या बशांवर उमटवला. मखमलीच्या लवेवर प्रत्येक ठिपक्यातले थोडे जंतू त्याच जागी चिकटून येतात. औषधाच्या बशांवर अर्थात जवळजवळ सगळे मेले. जे मोजके ठिपके वाढले ते प्रत्येक बशीत त्याच त्या जागी. मग मूळ बशीतले, म्हणजे औषधाचा थेंबही न लागलेले, त्याच जागचे जंतू उचलून तपासले. ते आधीपासूनच औषधाला दाद न देणारे निघाले.

म्हणजे औषधाने जंतूंना काही शिकवलं नाही. तसे जंतू तिथे होतेच, औषधाने बाकीचे काढून टाकून त्यांना मोकळं रान दिलं. त्यात भर म्हणजे जंतू असे जनुक एकमेकांना आडवेही देतात, एका जातीतून दुसरीत. सर्दीपडशाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेणाऱ्याच्या पोटात हेच होतं. सर्दीच्या विषाणूवर त्या गोळीचा काही परिणाम नाही, पण आतड्यातल्या लाखो जंतूंतून निवड मात्र होऊन जाते. तुमच्यासारख्या काउंटरवर उभ्या माणसाने हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर माझ्या दहा तासांपेक्षा जास्त उपयोग होईल.

बांधावरचा

आमची शेती खाजनात आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो: नदीच्या भरतीचं खारं पाणी अडवायला बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरती आली की मानशीच्या फळ्या पाण्याच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. मृगाच्या पावसाने मीठ धुऊन गेलं की बी टाकायचं. आमचं जुनं भात कोरगुट. बांध फुटून खारं आत शिरलं तर ज्योती, जया ही सुधारित भातं पिवळी पडून बसतात आणि कोरगुट तग धरतं. उतारा कमी, उंच असल्याने वाऱ्यापावसात आडवंही होतं, पण उभं पीक पूर्ण जात नाही. आजी कापणीच्या आधी शेतात फिरून चांगल्या लोंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढायची. मास्तर, ही उत्क्रांती म्हणायची की शेतकऱ्याची हुशारी?

खांडेपारकाठ

दोन्ही. डार्विनच्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण माणसाने केलेल्या निवडीवर आहे. तो स्वतः कबुतरं पाळत असे आणि पैदास करणाऱ्यांशी तासन्‌तास बोलत असे. तुमच्या खाजनात तर दोन निवडणारे आहेत. आजी भरलेली लोंबी बघून निवडत होत्या आणि त्यांच्याही आधी मीठ निवडत होतं. मिठाच्या मनात काही नव्हतं. तरी परिणाम एकाच दिशेचा, कारण जे रोप खाऱ्यात मेलं त्याची लोंबी आजींच्या हाती लागायचीच नाही.

भाताचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आता अक्षराअक्षरापर्यंत उलगडली आहे. रानभाताचा दाणा पिकला की गळून पडतो. रानात ते सोयीचंच, बी पसरतं. पण कापणी करणाऱ्याच्या हाती काय लागणार? ज्या रोपांचे दाणे लोंबीला धरून राहिले तेच घरी आले आणि तेच पुढच्या वर्षी पेरले गेले. हजारो वर्षं कोणी ठरवून न करताही न गळणारं भात वाढत गेलं. यातला एक मोठा वाटा एसएच-४ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाचा आहे, हे २००६ साली दाखवलं गेलं. तांदळाच्या रंगाचंही तसंच. रानभात तांबडं असतं. पांढऱ्या तांदळाच्या बहुतेक जातींत आरसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे तांबडा रंग तयारच होत नाही.

आणि आजींचं काम थांबलेलं नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ हे वाण काढलं.

अबोली

यात आपल्या मातीतलं एक नाव जोडते. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें, गोवा. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण मूळचे गणिती. गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत हे त्यांच्या फेरजुळणीच्या, म्हणजे पुढच्या पिढीत ती एकमेकांपासून सुटण्याच्या, प्रमाणावरून काढण्याचं एक सूत्र त्यांनी १९४४ साली दिलं. मी एमएस्सीला आहे, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही ‘कोसंबी’ हा पर्याय येतो आणि भाताच्या जनुकांचे नकाशे काढताना तो सर्रास वापरतात. पहिल्यांदा स्क्रीनवर ते नाव पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दहीकालाप्रेमी

पेडण्यात लहानपणापासून दशावतार पाहत आलो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन आणि मग पुरा माणूस. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणूस. आपल्या पूर्वजांनी हे आधीच सांगितलं होतं असं मला वाटतं. यात चूक काय?

खांडेपारकाठ

रसिकबाब, दशावतार मलाही प्रिय आहे आणि तो ज्या भावनेने पाहायचा त्या भावनेनेच मी पाहतो. पण उत्क्रांती समजून घ्यायला तो उपयोगी पडत नाही, उलट एक गैरसमज घट्ट करतो. अवतारांत एकामागून एक पायऱ्या आहेत आणि प्रत्येक अवतार हेतूने घेतलेला आहे. उत्क्रांतीत पायऱ्या नाहीत आणि पुढे कुठे पोचायचं हे ठरलेलं नाही. कासवातून डुक्कर झालं नाही, डुकरातून सिंह झाला नाही. आजचा बांगडा हा माणूस व्हायचा राहून गेलेला जीव नाही, त्याच्यामागे आपल्याइतकीच वर्षांची उत्क्रांती आहे.

खाजनातला निवटा बघा. ओहोटीला चिखलात परांवर चालतो, ओलसर कातडीतून श्वास घेतो, डोळे वर काढून टेहळणी करतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा आता बेडूक होणार. तसं नाही. जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज वेगळ्याच माशांच्या शाखेतले, परांत दणकट हाडं असलेल्या. निवट्याची शाखा फार नंतरची आणि तिने चिखलाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला. त्या जुन्या शाखेतला एक जीव कसा सापडला तेही ऐका. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत असा प्राणी मिळायला हवा, असा हिशेब करून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर टोकाला गेले. अनेक उन्हाळे शोध घेतल्यावर २००४ साली त्यांना टिकटालिक सापडला: अंगावर माशाचे खवले, पण मान वळणारी आणि परात मनगटासारखी हाडं. आधी हिशेब, मग शोध. मला या विषयातलं हे सगळ्यात भावतं.

दहीकालाप्रेमी

समजलं. पायऱ्या नाहीत हा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. मग नेहमीचा प्रश्न विचारतोच, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत?

अबोली

याचं उत्तर मी देऊ का सर? मराठी आणि कोंकणी. दोघी एका जुन्या प्राकृताच्या लेकी. ती प्राकृत आज कोणी घरात बोलत नाही, दोन्ही लेकी मात्र नांदताहेत. चिंपांझी आणि माणूस यांचं नातं तसं बहिणींचं आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांचा एक पूर्वज होता. तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. (भाषावाद कृपया इथे नको, त्यासाठी इतर धागे आहेत.)

पुरावा हवा तर गुणसूत्रं मोजा. चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांच्या २४ जोड्या, आपल्या २३. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? ती गेलीच नाही. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र हे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून झालेलं आहे. गुणसूत्राच्या टोकाला जी ठरावीक अक्षरं असतात ती इथे मधोमध सापडतात, आणि मध्यबिंदूही दोन, त्यातला एक निकामी झालेला. १९९१ साली तो सांधा वाचला गेला.

औषधवाला

‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम असं भाषणांतून ऐकतो. दुबळे मागे पडणारच, हे विज्ञान सांगतं म्हणे. ते खरं का?

खांडेपारकाठ

नाही, आणि हे ठणकावून सांगायला हवं. ‘सर्वांत लायक तोच टिकतो’ हे शब्द डार्विनचे नाहीत. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८६४ साली ते वापरले, डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली उचलले. त्यातला लायक म्हणजे दांडगा नव्हे. त्या जागी, त्या परिस्थितीत ज्याची प्रजा जास्त उरते तो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. गडचिरोली, नंदुरबार भागातल्या लोकांना तो नीट माहीत आहे. बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर जीवघेणा आजार. एकच प्रत आली तर माणूस सहसा ठणठणीत, आणि वर मलेरियाच्या घातक तापापासून बरंच संरक्षण. हे १९५४ साली अँथनी ॲलिसनने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं. जिथे मलेरियाच नाही तिथे त्याचा फायदा शून्य. मग यातला ‘लायक’ कोण? डास बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आणि निसर्गात असं घडतं म्हणून माणसांनी माणसांशी तसं वागावं, हे तर विज्ञानाने कधीच म्हटलेलं नाही.

सत्तरीचं रान

आमच्याकडे पावसाळ्यात माती उकरताना एक जीव सापडतो. दिसायला मोठ्या गांडुळासारखा, लोक साप समजून मारतात. तो देवगांडूळ, बेडकाच्या नात्यातला उभयचर. पाय नाहीत, डोळे जवळजवळ झाकलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये वास घेणारी एक बारीक मिशी. सत्तरीतल्या केरी गावातून मिळालेल्या अशाच एका जातीचं २००७ साली ‘गेगेनिओफिस गोवाएन्सिस’ असं नामकरण झालं. कृपया मारू नका, तो विषारी साप नाही.

आता त्याचे नातेवाईक कुठे आहेत ते ऐका. अगदी जवळचे काही सेशेल्स बेटांवर, मध्ये हजारो किलोमीटर समुद्र. उभयचरांना खारं पाणी सहसा मानवत नाही. मग गेले कसे?

खांडेपारकाठ

ते गेले नाहीत, जमीन गेली. भारत, सेशेल्स आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते. मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलं. सेशेल्स सुटलं ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा दगड घडवणारा लाव्हा वाहत होता त्या सुमारास. एकच वस्ती दोन भूभागांवर अडकली, देवाणघेवाण थांबली, दोन्हीकडे वेगवेगळे बदल साठत गेले. नव्या जाती होण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग. केरळात २००३ साली जगापुढे आलेल्या जांभळ्या बेडकाचे जवळचे नातेवाईकही सेशेल्सवरच आहेत. दगडांनी सांगितलेली गोष्ट आणि बेडकांच्या डीएनएने सांगितलेली गोष्ट जुळते, यापेक्षा मोठी साक्ष कुठली हवी?

दहावीची आई

मुलगी हे सगळं माझ्या शेजारी बसून वाचतेय. तिचा प्रश्न: कोणी हे डोळ्यांनी घडताना पाहिलंय का? आणि माणसात ते आता थांबलंय का?

खांडेपारकाठ

पाहिलंय. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर फिंच पक्ष्यांची मापं घेत होते, प्रत्येक पक्ष्याच्या पायात खुणेची कडी घालून. १९७७ साली जवळजवळ पाऊसच पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, कठीण मोठ्या उरल्या. जमिनीवर चरणाऱ्या मध्यम फिंचपैकी बहुसंख्य मेले. जे उरले त्यांच्या चोची सरासरीने जाड होत्या, आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही त्याच वळणाच्या निघाल्या. फरक किती? साधारण अर्धा मिलिमीटर. पुढे १९८३ च्या धुवाधार पावसानंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवड उलट्या दिशेला वळली.

माणसात थांबलेलं नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांना अंगावरचं दूध सुटलं की दुधातली साखर पचत नाही. गुरं पाळणाऱ्या काही मानवसमूहांत एक बदल पसरला, त्याने ती मोठेपणीही पचू लागली. युरोपात आणि भारतात हा बदल एकच आहे, पूर्व आफ्रिकेत वेगळे बदल होऊन तेच साधलं. भारतात वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातं. ही गेल्या काही हजार वर्षांतली गोष्ट.

बांधावरचा

मुलांना दाखवायला आणखी काय आहे आसपास? आमच्या वाड्यावरची पाच-सहा पोरं या रविवारी गोळा करतो.

खांडेपारकाठ

काजू, आंबा आणि बिब्बा दाखवा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, आंबा नि बिब्बा इथले. तरी तिन्ही एकाच कुळातले, आणि तिघांच्या चिकात कातडी पोळणारी, एकमेकांशी मिळतीजुळती रसायनं आहेत. फुलांचे तुरे शेजारी ठेवून बघायला सांगा, पोरं आपण होऊन साम्य हेरतील. मोहोर नसेल तर पानं चुरगळून वास घेऊ दे, पण आंब्याची आणि काजूचीच. बिब्ब्याला हात लावू देऊ नका, चिकाने फोड येतात.